कोकलिकोच्या शेतातला हिरवा

प्रश्न एका कलाशिक्षकांचा आहे. ते पुरंदर तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतात. दसऱ्याआधी नववीच्या मुलांना घेऊन ते झेंडूच्या शेताच्या बांधावर बसले. मनात फ्रेंच चित्रकार मोनेचं लाल फुलांच्या शेताचं चित्र होतं, हातात जलरंग. ते लिहितात: “काही मुलांच्या कागदावर चिखल झाला, बाकीच्यांची फुलं साडीवरच्या छापासारखी दिसली. मोनेनेही नुसते ठिपकेच दिलेत ना? मग त्याच्या ठिपक्यांचं शेत होतं आणि आमच्या ठिपक्यांचं का होत नाही? आणि या चित्राला ग्रामजीवनाचं चित्र म्हणून मुलांना शिकवावं का?”

सर, तीस वर्षं मी उघड्यावर बसून निसर्गचित्रं करतो आहे. हा प्रश्न मलाही बरीच वर्षं छळत होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मुद्दा आधीच सांगून टाकतो. त्या चित्रात मोनेने जितका जीव फुलांवर लावला आहे, तितकाच, किंबहुना जास्त, फुलांच्या मधल्या गवतावर लावला आहे. हिरवा आधी नीट बसला आहे, म्हणून लाल पेटतो. तुमच्या मुलांनी फुलं रंगवली आणि उरलेल्या जागेत हिरवा भरला. सगळी गडबड तिथे आहे.

आता चित्राकडे वळू. क्लोद मोनेचं ‘कोकलिको’ (म्हणजे शेतात आपोआप उगवणारी लाल पॉपीची फुलं), साल १८७३, कॅनव्हासवर तैलरंग. पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. माप ५० बाय ६५ सेंटिमीटर, म्हणजे तुम्ही मुलांना देता त्या हाफ इम्पीरियल कागदापेक्षा थोडं मोठं आणि पूर्ण इम्पीरियलपेक्षा लहान. पुस्तकात पाहून बहुतेकांना ते भिंतभर वाटतं. फ्रान्समध्ये त्या काळी कॅनव्हास ठरलेल्या मापांतच विकत मिळत आणि ६५ बाय ५० हे निसर्गचित्रासाठीचं नेहमीचं माप होतं. काखेत मारून शेतापर्यंत सहज नेता येईल एवढं.

मी मूळ चित्रापुढे पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा सगळ्यात आधी जाणवला तो त्याचा शांतपणा. छापील प्रतीत लाल फार भडक करून ठेवलेला असतो. प्रत्यक्षात गवत राखाडीकडे झुकणारं, निळसर, जवळजवळ धुरकट आहे. डावीकडे एक उतार आहे आणि फुलांची सगळी गर्दी त्या उतारावर. उजवीकडे गवताचा मोठा पट्टा, त्यात फुलं अगदी तुरळक. मागे झाडांची रांग, मधोमध लाल कौलांचं एक घर, आणि वर जवळजवळ अर्ध्या चित्रात पांढऱ्या ढगांचं आकाश. खाली, मध्यापासून जरा उजवीकडे, छत्री घेतलेली एक बाई आणि तिच्याबरोबर एक लहान मूल, दोघं गवतात कमरेपर्यंत बुडालेली. वर, उताराच्या माथ्यावर डावीकडे, आणखी एक बाई आणि आणखी एक मूल.

खालची दोघं बहुधा मोनेची बायको कामीय आणि मुलगा जाँ असावीत. जाँ त्या वर्षी सहा वर्षांचा झाला. वरची जोडी कोण, याला फारसं महत्त्व नाही, पण ती चित्रात का आहे हे मुलांना जरूर दाखवा. वरच्या जोडीवर बोट ठेवायचं आणि खालच्या जोडीपर्यंत ओढत आणायचं. एक तिरकी रेघ मिळते. त्या रेघेच्या एका बाजूला लाल प्रदेश, दुसऱ्या बाजूला निळसर हिरवा. अख्खी रचना त्या एका रेघेवर उभी आहे. आणि पाहणाऱ्याला वाटत राहतं की तीच मायलेकरं वरून चालत खाली आली. मोनेच्या मनात तसं होतं की नाही, कोणी सांगू शकणार नाही. डोळा मात्र ती वाट आपणहून चालतो.

चेहऱ्यांकडे पाहा. चेहरेच नाहीत. हॅटच्या खाली कातडीच्या रंगाचा एक फटकारा, बस. पण मान कुठे कलली आहे आणि हात कुठे आहे ते अचूक कळतं. हे नववीच्या मुलांना फार आवडतं. डोळे-नाक काढायची भीती गेली की माणसं चित्रात धीटपणे येतात.

आता ठिपके. डाव्या खालच्या कोपऱ्यातली फुलं जवळून पाहिली की तिथे फूल नाही, रंगाचा गोळा आहे. कोकलिकोच्या फुलाला चार पाकळ्या असतात, कुरकुरीत पतंगी कागदासारख्या पातळ, बुडाशी काळा डाग. यातलं मोनेने काहीही दाखवलेलं नाही. आणि हे गोळे माणसांच्या मानाने पाहिले तर प्रमाणाबाहेर मोठे आहेत. चूक म्हणून नव्हे. डोळा शेतात शिरल्यावर जवळचा लाल जेवढा अंगावर येतो, तेवढा त्याने मोठा केला. मग उताराकडे जाताना गोळे झपाट्याने लहान होतात, एकमेकांजवळ सरकतात आणि त्यांचा लाल थोडा गुलाबीकडे, थोडा थंड होत जातो. तुमच्या मुलांच्या चित्रात साडीचा छाप का झाला, याचं उत्तर इथेच आहे. त्यांचे ठिपके सगळीकडे एकाच मापाचे, एकाच अंतरावर आणि एकाच ट्यूबमधले असणार. छापखान्यातलं कापड तसंच असतं. शेतात दोन फुलांमधलं अंतर कधी सारखं नसतं. तीन फुलं एकमेकांत घुसलेली, मग हातभर काहीच नाही, मग एकटंच एक. मोनेच्या उतारावर ही रिकामी जागा मोजून पाहा. कुठेही दोन ठिकाणी ती सारखी सापडणार नाही.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण आपल्या पाठ्यपुस्तकांतून आणि शिकवण्यांतून तो वर्षानुवर्षं चालत आला आहे. सांगितलं जातं की दृक्‌प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट, म्हणजे मोने आणि त्याच्या गटातले) चित्रकार शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी ठेवत आणि ते लांबून डोळ्यात मिसळत. लाल आणि हिरवा डोळ्यात खरोखर मिसळले तर काय होईल? मळकट राखाडी-तपकिरी होईल, म्हणजे तुमच्या मुलांच्या कागदावर झाला तोच चिखल! तीन मीटरवरून निरोगी डोळ्याला साधारण एक मिलिमीटरच्या अंतरावरच्या दोन खुणा वेगळ्या ओळखता येतात. मोनेचे पुढचे गोळे त्याच्या कितीतरी पट मोठे आहेत. संग्रहालयात आपण उभे राहतो त्या अंतरावरून ते मिसळतच नाहीत, लाल लाल राहतो आणि हिरवा हिरवा. डोळ्यात मिसळण्याचा हिशेब घालून बारीक ठिपक्यांनी चित्रं करणारा चित्रकार होता जॉर्ज सरा, आणि ते दहा-बारा वर्षांनंतरचं काम. मोनेच्या शेतात घडतं ते याच्या उलट आहे. दोन रंग एकमेकांपासून वेगळे राहून एकमेकांना धार लावतात.

याचं शास्त्र मोनेच्या जन्माच्या एक वर्ष आधीच छापून आलं होतं. शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत रंगाईचा प्रमुख होता. काळं सूत पुरेसं काळं दिसत नाही, अशी तक्रार त्याच्याकडे आली. सूत तपासलं तर रंग पक्का होता. दोष शेजारच्या रंगांचा होता. निळ्या-जांभळ्याच्या शेजारी तो काळा फिका वाटत होता. त्यावर काम करत त्याने १८३९ मध्ये शेजारी रंगांच्या विरोधाचा नियम मांडणारा ग्रंथ काढला. आपल्याकडे पैठणी निवडणाऱ्या बाईला हे न शिकता ठाऊक असतं. तोच रंग, पण काठ बदलला की अंग बदलल्यासारखं दिसतं. लाल आणि हिरवा हे एकमेकांचे पूरक रंग, म्हणून शेजारी आले की दोघंही चढतात. मोनेने गवत राखाडीसर ठेवून लालाला चढायला वाव दिला. गवत जर पोपटी भडक केलं असतं, तर दोघं भांडत बसले असते आणि डोळ्याला पाणी आलं असतं.

पण रंगाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे टोन, म्हणजे रंगाचा उजळ-गडदपणा, आणि ही गोष्ट मी प्रत्येक वर्गात करून दाखवतो. चित्राचा फोटो मोबाइलमध्ये घ्या आणि काळा-पांढरा करा. उतारावरची बरीचशी फुलं गवतात विरघळून जातात. लाल आणि हिरवा यांची जात वेगळी, पण उजेड जवळजवळ सारखा. आपल्या नजरेत वस्तू कुठे आहे हे ठरवणारी यंत्रणा मुख्यत्वे उजेडाच्या फरकावर चालते आणि रंगाचा फरक ओळखणारी वेगळी. रंग सांगतो ‘इथे फूल आहे’, उजेड सांगतो ‘इथे काही वेगळं नाही’. म्हणून ती फुलं एका जागी खिळत नाहीत, वाऱ्यावर हलल्यासारखी वाटतात. त्या शेतातला वारा या बरोबरीतून आला आहे. ही बरोबरी साधायची तर हिरवा अतिशय जपून कालवावा लागतो. थोडा गडद झाला तर फुलं दिव्यासारखी सुटी दिसतील, थोडा फिका झाला तर खड्ड्यासारखी.

आता सर, तुमच्या झेंडूकडे येतो. कारण इथे मोनेची नक्कल जशीच्या तशी चालणारच नाही.

झेंडूचा पिवळा आणि केशरी हे मुळातच उजळ रंग आहेत, आणि झेंडूचं पान गडद, बारीक कापलेलं, आत सावली धरणारं. तोच फोटोचा प्रयोग झेंडूच्या शेतावर करा. फुलं विरघळणार नाहीत, उलट पांढऱ्या दाण्यांसारखी वर येतील. म्हणजे कोकलिकोच्या शेतात रंग वेगळा आणि टोन सारखा, तर झेंडूच्या शेतात रंगही वेगळा आणि टोनही वेगळा. शिवाय कोकलिको कुठेही उगवतो. झेंडू माणसाने सरीवर किंवा गादीवाफ्यावर ओळीत लावलेला असतो. तेव्हा तिथे विखुरलेले ठिपके न पाहता पट्टे पाहायला मुलांना शिकवा. बांधावर बसल्यावर पायाजवळच्या ओळीत झाड दिसतं, पानं दिसतात, दोन ओळींमधली माती दिसते. पंधरा-वीस पावलांवर माती दिसेनाशी होते. आणखी पुढे पानंही झाकली जातात, कारण आपण शेताकडे कडेने पाहतो आणि फुलांची डोकी एकापुढे एक येतात. शेवटी उरतो तो केशरी रंगाचा एक सलग पट्टा. त्या लांबच्या पट्ट्यात ठिपके काढायला गेलात की चित्र संपलं. तिथे एक सपाट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, द्या, वरची कड थोडी दातेरी ठेवा, आणि सोडून द्या.

चिखलाचं कारण माध्यमात आहे. मोनेच्या तैलरंगात व्हर्मिलियनसारखा लाल अपारदर्शक असतो. वाळलेल्या हिरव्यावर ठेवला तरी खालचा रंग झाकतो. ओल्या हिरव्यावरही ठेवता येतो, मात्र ब्रशवर रंग भरपूर हवा आणि स्पर्श एकदाच. दुसऱ्यांदा घासलं की खालचा हिरवा वर येतो आणि लाल मरतो. मी स्वतः ओल्यावर काम करताना दर दोन स्पर्शांनंतर ब्रश फडक्याला पुसतो. ही एवढी सवय लागायला मला दोन पावसाळे लागले. हे जाड, लगेच वापरता येणारे रंग शेतात नेणं शक्य झालं तेही फार जुनं नाही. रंगाची पिळायची धातूची नळी जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने काढली, त्याचं पेटंट १८४१ चं. त्याआधी चित्रकार कालवलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. एकदा टोचली की तो रंग टिकवणं मुश्कील. नळी नसती तर दोन तासांत ऊन सरायच्या आत शेतात बसून चित्र उभं करणं फार अवघड गेलं असतं.

जलरंग पारदर्शक. हिरव्यावर लाल टाकला की दोघांचा मिळून तपकिरी होतो, लालावर हिरवा टाकला तरी तेच. म्हणून कोकलिकोचं शेत जलरंगाला अवघड. एक तर फुलांची जागा कोरी सोडून नंतर भरा, नाही तर शेवटी लालात पांढरा पोस्टर कलर मिसळून जाडसर स्पर्श द्या. पण झेंडूचं शेत जलरंगाला अगदी अनुकूल आहे आणि तुम्ही ती सोय वापरली नाहीत. पिवळ्यावर हिरवा चढतो! फुलांच्या सगळ्या पट्ट्यावर आधी पिवळा-केशरी वॉश द्या, जवळ जरा उबदार, लांब जरा फिका. कागद पूर्ण वाळू द्या. बोटाची पाठ लावून गार लागला तर अजून ओला आहे असं समजा. मग फुलांना हात न लावता फक्त मधल्या फटी हिरव्याने रंगवा. फटी रंगवता रंगवता फुलं आपोआप उमटतात, आणि ती गोल गरगरीत न येता खऱ्यासारखी वेडीवाकडी, एकमेकांत अडकलेली येतात. मुलांना सांगताना मी एवढंच म्हणतो, “फूल काढू नकोस, फुलाच्या शेजारची सावली काढ.” मास्किंगचं द्रावण लावून फुलं झाकण्याचा सोपा मार्ग असतो, पण त्याच्या कडा सुरीने कापल्यासारख्या येतात. मी तो शेतासाठी वापरत नाही.

हिरवा मात्र नळीतला थेट नको. शाळेच्या पेटीतला सॅप ग्रीन हा मुलांचा सगळ्यात लाडका आणि निसर्गचित्रातला सगळ्यात घातकी रंग आहे, कारण तो सगळीकडे एकसारखा पसरतो. निळा आणि पिवळा घेऊन हिरवा मुलांना स्वतः कालवू द्या. सावलीत निळा वाढवा, उन्हात पिवळा, आणि दोन्हींत कणभर बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) घालून त्याची भडक धार मोडा. पाच मुलांचे पाच हिरवे होतील. मोनेच्या पॅलेटवर रंग किती थोडे होते हेही त्यांना सांगा. १९०५ मध्ये एका पत्रात त्याने आपले रंग मोजून दिले आहेत: पांढरा, कॅडमियम पिवळा, व्हर्मिलियन, गडद मंजिष्ठा लाल, कोबाल्ट निळा आणि एक हिरवा. त्यात काळा नाही, तपकिरी नाही. हे पत्र आपल्या चित्रानंतर बत्तीस वर्षांनी लिहिलं आहे, तेव्हा १८७३ ला अगदी हेच रंग होते असं समजू नका; पण कमी रंगांतून पुष्कळ काढायची वृत्ती तीच.

तुमचा दुसरा प्रश्न: हे ग्रामजीवनाचं चित्र आहे का? यावर मला जरा स्पष्ट बोलायचं आहे, कारण मुलांना आपण नेमकं काय दाखवतो हे महत्त्वाचं आहे.

चित्र आहे आर्जांतयच्या आसपासचं. सेन नदीवरचं हे गाव पॅरिसपासून साधारण दहा-अकरा किलोमीटरवर. फ्रान्स आणि प्रशियाच्या युद्धाच्या वेळी मोने लंडनला निघून गेला होता. तिथून हॉलंडमार्गे परतला आणि १८७१ च्या डिसेंबरात कुटुंबासह आर्जांतयला राहायला आला. पुढे १८७८ पर्यंत तिथेच होता. गावात द्राक्षमळे होते, तिथला अ‍ॅस्परागस नावाजलेला होता, जिप्समच्या खाणी होत्या. पण त्याच वेळी कारखान्यांची धुराडीही उभी राहत होती, आणि पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकावरून रेल्वेने थोड्याच वेळात तिथे पोचता येत असे. रविवारी शहरी माणसं होड्यांच्या शर्यती बघायला यायची. म्हणजे शहराच्या कुशीत ओढलं जात असलेलं गाव. मोनेने त्याच वर्षांत तिथला रेल्वेपूलही रंगवला. कोकलिकोच्या चित्रात मात्र धुराडं नाही, रूळ नाहीत. उठून कुठे बसायचं आणि तोंड कोणत्या दिशेला करायचं, ही निवड त्याची.

शेतात फिरणारी बाई छत्री घेऊन, हॅट घालून आली आहे. काम करायला आलेल्या बाईच्या हातात छत्री नसते. आणि ही फुलं कोणी लावलेली नाहीत. कोकलिको हे तण आहे. नांगरलेल्या, उकरलेल्या जमिनीत ते गहू-ओटच्या पिकात उगवतं. त्याचं बी मातीत वर्षानुवर्षं निजून राहतं आणि जमीन हलली की उठतं. आपल्याकडे बाजरीत कुर्डू येतो ना, तसंच. शेतकऱ्याच्या डोळ्यांत तो लाल उतार म्हणजे राहिलेली खुरपणी. आपली खसखस ज्या अफूच्या बोंडातून येते, ते झाड याचं भावंड, पण वेगळं. आणि नावाची एक गंमत मुलांना जरूर सांगा. ‘कोकलिको’ हा शब्द कोंबड्याच्या आरवण्यावरून आला, फुलाचा लाल तुऱ्यासारखा म्हणून. आपल्याकडेही एका फुलाला आपण ‘कोंबडा’ म्हणतोच.

तेव्हा मी त्याला गावातल्या एका मोकळ्या दुपारचं चित्र म्हणेन, शेतकऱ्याच्या जगण्याचं म्हणणार नाही. पण म्हणून ते मला खोटं किंवा कमी वाटत नाही. आईबरोबर गवतातून चालणाऱ्या मुलाला जे दिसतं ते त्यात पूर्ण खरं आहे. पण शेतीचं जगणं दाखवायचं असेल तर शेजारी आणखी दोन चित्रं ठेवा. एक फ्रेंच चित्रकार मिलेचं, १८५७ मधलं: कापणी झालेल्या शेतात वाकून सरवा वेचणाऱ्या तीन बाया. तीनही पाठी बघा, प्रत्येकीचं वाकणं वेगळं आहे. दुसरं कामीय पिसारोचं ‘पांढरं दव’, १८७३ चंच: नांगरटीच्या सऱ्यांवर गोठलेलं दव आणि त्यातून पाठीवर मोळी घेऊन जाणारा माणूस. पिसारो मोनेचा मित्र, त्याच गटातला, आणि हे चित्र व ‘कोकलिको’ एकाच प्रदर्शनात लागले होते. १५ एप्रिल १८७४ ला पॅरिसच्या कापुसीन बुलेव्हारवर, नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत ते प्रदर्शन उघडलं. मोनेच्याच ‘सूर्योदयाचा दृक्‌प्रत्यय’ या चित्राच्या नावावरून एका टीकाकाराने टिंगल केली आणि ती टिंगलच पुढे या चित्रकारांचं नाव होऊन बसली. एकाच वर्षी, एकाच भिंतींवर, एकाने छत्री रंगवली आणि एकाने मोळी. हे दोन्ही मुलांसमोर ठेवलं की मला वेगळं काही समजवावं लागत नाही, तीच बोलू लागतात.

खऱ्या फुलशेतीचं मोनेचं चित्र हवं असेल तर १८८६ मधली हॉलंडची ट्यूलिपची शेतं पाहा. तिथे व्यापारासाठी लावलेली फुलं आहेत आणि बघा, ठिपके जवळजवळ गायब. आडवे, लांब, रंगांचे पट्टे, वर पवनचक्की आणि आकाश. या शेतांनी चित्रकाराला वेड लागायची पाळी येते, आपले बिचारे रंग तिथे पुरेच पडत नाहीत, अशा अर्थाचं त्याने एका मित्राला लिहिलं होतं. लावलेल्या फुलांना पट्टे आणि उगवलेल्या फुलांना ठिपके, हा फरक त्याच्याही हाताने केला. तुमचा झेंडू ट्यूलिपच्या घरचा आहे.

आणि तुमच्या शेतात तर माणसं कामाला असतात, हे मोनेला आर्जांतयच्या उतारावर मिळालं नव्हतं. तोडणीच्या बाया ओळीत वाकलेल्या, डोक्याला बांधलेला टॉवेल किंवा पदर, कमरेला ओटी, बांधावर भरत आलेले क्रेट. त्यांना चेहरे देऊ नका. ओळीच्या पट्ट्यावर पाठीचा एक गडद आकार आणि वर डोक्याच्या कपड्याचा एक उजळ स्पर्श एवढं पुरे. एक बाई जवळ, एक लांब, दोघींमधून तिरकी रेघ जाईल अशी जागा शोधा. जवळच्या बाईचा पदर फिका असेल तर तिच्या मागे गडद पानं येतील असं बसा. ती जागा बदलली तर पहिल्यांदा पाहिलेलीच धरून ठेवा, पाठलाग करू नका.

उघड्यावर दोन तासांपेक्षा जास्त बसू नका. ऑक्टोबरात साडेनऊ-दहापर्यंतच सावल्या लांब असतात, त्यानंतर शेत सपाट होतं आणि मुलं डोळे बारीक करून रंगवू लागतात. पहिला अर्धा तास फक्त चार मोठे भाग: आकाश, झाडं, फुलांचा पट्टा, जवळची माती. या अर्ध्या तासात कोणीही ठिपका दिला तर ब्रश काढून घ्या. मी घेतो. नंतर फटींचा हिरवा, मग माणसं, आणि अगदी शेवटी जवळच्या ओळीत पाच-सात फुलं नीट, त्याहून जास्त नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. दसऱ्याच्या आधी तोडणी पहाटेच सुरू होते आणि दोन दिवसांत अख्खं रान हिरवं होऊन जातं. तुम्ही शाळेची गाडी ठरवून पोचेपर्यंत फुलं बाजाराच्या वाटेला लागलेली असतात. म्हणून आदल्या संध्याकाळी मालकाला भेटा आणि कोणता तुकडा परवासाठी ठेवला आहे ते विचारून घ्या. त्या तुकड्याच्या पूर्वेच्या बांधावर, सूर्याकडे पाठ करून मुलांना बसवा. आणि पाण्याचे दोन डबे प्रत्येकाला, एक पिवळ्याचा, एक हिरव्याचा.